पाय क्रमांक अकरा

१

दर सोमवारी सकाळी दहा वाजता मी एप्रन चढवते, हातमोजे घालते आणि पायांच्या खोलीत जाते. तिचं खरं नाव नमुना कक्ष. पण यवतमाळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात शिपायापासून डीनपर्यंत सगळे तिला पायांची खोलीच म्हणतात. मधुमेहात जखम चिघळून कापावे लागलेले पाय तिथे फॉर्मेलिनच्या बरण्यांत ठेवलेले असतात. एक खिडकी, एक नळ, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीभर फळ्या. नवं माणूस तिथे दोन मिनिटं टिकत नाही. मला सव्वीस वर्षं झाली टेक्निशियन म्हणून. डोळे चुरचुरत नसते तर मी तिथे बसून डबासुद्धा खाल्ला असता.

काम डॉक्टर सुरभीचं होतं. जखमेतले जंतू मांसात किती खोल शिरतात, पेशींची बांधणी कशी मोडतात आणि कापलेल्या पायात हे सगळं किती आठवडे ओळखू येतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. म्हणून दर सोमवारी प्रत्येक पायाच्या जखमेच्या काठाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा मी कापायचा, मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचा केसाहून पातळ काप काढायचा आणि काचेवर घेऊन रंगवायचा. सोमवारी तुकडा, मंगळवारी दुपारी स्लाइड. बरणीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि तेच बरं असतं.

अकरा नंबरचा पाय उजवा होता. घोट्याच्या वर चार बोटं कापलेला, तळव्याला रुपयाएवढी खोल जखम. पहिल्या मंगळवारी स्लाइडवर दिसायला हवं तेच दिसलं. मेलेल्या पेशी, पू, जंतूंचे पुंजके. दुसऱ्या मंगळवारीही तेच.

तिसऱ्या मंगळवारी जखमेच्या काठाला नव्या रक्तवाहिन्या दिसल्या. बारीक, कोवळ्या, आत तांबड्या पेशी असलेल्या. जखम भरायला लागली की असं दिसतं. मी शेकडो वेळा पाहिलं आहे, पण जिवंत माणसाच्या तुकड्यात.

मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

२

"ताई, स्लाइडच्या चिठ्ठ्या बदलल्या वाटतं," मायक्रोस्कोपवरून मान वर करून सुरभी म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही पोरगी कॉलेजात शिकायला आली तेव्हा मायक्रोस्कोप कुठल्या बाजूने बघायचा हे मी तिला दाखवलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली. सव्वीस वर्षांत माझी एक चिठ्ठी बदललेली नाही, असं मी तिला सुनावलं. तिने हात जोडले आणि हसून म्हणाली, "बरं बापा, माझंच चुकलं. पुढच्या सोमवारी खात्री करून घ्या ना."

राग आला तरी ती चूक म्हणत नव्हती. मेलेल्या पायात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, यापेक्षा सत्यशीलाबाईंनी, म्हणजे मी, चिठ्ठी बदलली हे मानणं कोणालाही सोपं गेलं असतं. मलाही.

चौथ्या सोमवारी तुकडा घेतला आणि आमच्या धंद्यातली साधी युक्ती केली. कापलेली बाजू ओळखू यावी म्हणून आम्ही मांसाच्या काठाला निळी शाई लावतो. ती फॉर्मेलिनमध्ये निघत नाही, मेणात निघत नाही, हाताला लागली तर आठवडाभर निघत नाही. अकरा नंबरच्या जखमेला मी काठाकाठाने निळी रेघ ओढली आणि बरणी बंद केली. पुढच्या तुकड्यावर निळं दिसलं की पाय तोच, हे सिद्ध. हातच्या कांकणाला आरसा कशाला! शाईबद्दल मी कोणालाच सांगितलं नाही, सुरभीलाही नाही.

पाचव्या मंगळवारी स्लाइडवर निळी रेघ होती. पण ती काठावर नव्हती, आत होती. तिच्यावरून नवी कातडी आली होती, पाच-सहा पेशींचा थर, एकावर एक नीट रचलेला.

त्या दुपारी मी डबा उघडला नाही.

३

मी कारणं शोधली. माझी शाई जुनी असेल, आत झिरपली असेल. मग बाकीच्या पायांना तीच शाई लावून पाहिली. एकातही झिरपली नाही. फॉर्मेलिन पातळ पडलं असेल म्हणून ते बदललं. नागोराव आमचा अटेंडंट, त्याला विचारलं की बरणीला कोणी हात लावतो का. तो म्हणाला, "मॅडम, माह्या पगारात मी झाडू मारतो थेच लय हाय. पाय कायले चोरू?"

मग मी खोलीत नुसती उभी राहायला लागले. पंखा बंद केला की खोली फार शांत होते. फळीवर बावीस बरण्या. एकवीस बरण्यांची झाकणं आतून कोरडी होती. अकरा नंबरच्या झाकणाला आतून थेंब धरले होते, वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर दिसतात तसे.

मी बरणीला हात लावला नाही. मला भीती वाटली, हे कबूल करते. मी ना देवाची माळ ओढली कधी ना भुताला घाबरले. पण त्या थेंबांनी माझी पाचावर धारण बसली.

४

त्याच आठवड्यात शुक्रवारी पाय कापलेल्या पेशंटांची तपासणी होती. सुरभीकडे लिहायला माणूस नव्हतं, म्हणून तिने मला तक्ता भरायला बसवलं. नाव, वय, गाव, आणि शेवटी पाय क्रमांक.

सातवा पेशंट भीमसिंग राठोड. वय एकसष्ट, झरी जामणीच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्यावरचा. शेतात कपाशीच्या पऱ्हाटीचं खुंट तळव्यात घुसलं, साखरेमुळे चार दिवस कळलंच नाही, कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. चाकाच्या खुर्चीत बसलेला, अंगावर मांस नाही, डोळे खोल गेलेले. मागे त्याची बायको, चंदाबाई, खुर्ची धरून.

तक्त्यात पाय क्रमांक अकरा होता. माझा पेन थांबला.

"जेवण?" मी विचारलं.

"नाई जेवत," चंदाबाई म्हणाली. "झोपत नाईत. दीड महिना झाला. असंच राह्यलं तं हे जातीन बाई."

"पाय गेला त्याचं काही नाई," भीमसिंग म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "गेला तं गेला. पन गेला ना? मंग दुखते कायले?"

सुरभीने त्याला समजावलं. गोड बोलते ती पेशंटांशी. पाय नसला तरी मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते काका, मेंदूला वाटतं पाय आहे, म्हणून दुखतं, गोळ्यांनी हळूहळू कमी होईल. सगळं पुस्तकाप्रमाणे. मी मान डोलवत होते.

"कधी जास्त दुखतं?" तक्त्यातला पुढचा प्रश्न मी वाचला.

"सोमवारी," तो म्हणाला. "सकाळी. दहा, साडेदहा. कोनीतरी कोर काढते जखमेची, पात्यानं. जखम भरत येते अन् थो येऊन कोर काढते. मी याडीच्या, मायच्या नावानं बोंब मारतो, सारा तांडा आयकते."

सुरभी औषध लिहीत होती, तिने वर पाहिलं नाही. मी तक्त्यात 'सोमवार' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"भरत तं आली होती," चंदाबाई मला म्हणाली, बायकांना बायकांशी बोलायचं असतं तसं जरा वाकून. "मी रोज संध्याकाळी गरम पान्यानं धुतो, हळद-तेल लावतो."

"पायाच्या खुंटाला?"

"नाई वं. पायाले." तिने खुर्चीखालच्या रिकाम्या जागेकडे हात केला. "दुखते थे पाय ना? मंग थ्यालेच लावन ना मी. दिसत नाई म्हनून काय झालं, माह्या हाताले सापडते." मग तिने आपली बोटं माझ्यासमोर धरली. "फक्त हे निळं कायचं होय थे समजत नाई. मांगच्या हप्त्यात लागलं. लय घासलं, निघूनच नाई राह्यलं. आता नवीन लागत नाई. वरून कातडं आलं."

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं टोकांना निळी होती. तो निळा रंग मी कुठेही ओळखला असता.

मी सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तो माणूस माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता, की सोमवारचा तो मीच, हे मला बोलवलं नाही. मी म्हणाले, "भाऊ, पुढच्या सोमवारी नाही दुखणार." आणि चंदाबाईचा फोन नंबर लिहून घेतला.

५

सहाव्या सोमवारी मी अकरा नंबरची बरणी उघडली नाही. पहिल्या आठवड्याचा मेणात बसवलेला तुकडा काढला, त्याचाच नवा काप घेतला आणि त्यावर त्या दिवसाची तारीख लिहिली. सव्वीस वर्षांतली माझी पहिली खोटी चिठ्ठी. 

दुपारी एक वाजता तांड्यावर फोन लावला.

"झोपले बाई!" चंदाबाई कुजबुजत होती. "सकाळी भाकर खाल्ली अन् नऊ वाजता झोपले थे अजून उठले नाईत. मी दोन डाव नाकाखाली बोट धरून पाह्यलं."

मी फोन ठेवला आणि रडले. आनंदाने की भीतीने, ते मला आजही सांगता येणार नाही. पाच सोमवार मी एका जिवंत माणसाला कापत होते.

सुरभीला चोरी कळायला एक दिवस लागला. ती स्लाइड घेऊन आली आणि दार लावून म्हणाली, "ताई, ही पहिल्याच आठवड्याची आहे. तुम्ही असं का कराल?"

मी तिला पायांच्या खोलीत नेलं. वाद घातला नाही. निळ्या रेघेची स्लाइड दाखवली, सोमवारचं सांगितलं, चंदाबाईची बोटं सांगितली. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा डॉक्टरचा होता, तपासणारा. मग तिने अकरा नंबरच्या बरणीवर तळहात टेकवला.

पंखा कुरकुरत होता. तिने हात काढला आणि एप्रनला पुसला, जरी बरणी कोरडी होती.

"शेजारच्या बरणीला लावून बघ," मी म्हणाले.

"नको," ती म्हणाली. मग बरणीकडे पाठ करून म्हणाली, "हे मी कुठे लिहू, ताई?"

 तिनेच मग पुढचं सांगितलं. अभ्यास महिनाअखेर संपत होता. नियमाप्रमाणे सगळे पाय पिवळ्या पिशव्यांत घालून जाळण्यासाठी भट्टीच्या गाडीत द्यायचे होते. भट्टी हा शब्द उच्चारल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. त्याच संध्याकाळी तिने स्वतः अर्ज टाइप केला. नातेवाइकांच्या विनंतीवरून अवयव परत. मंजुरी तिनेच मिळवली. कोणाकोणाच्या पाया पडली देव जाणे. मी तिला जे जे बोलले होते ते सगळं मनातून मागे घेतलं.

६

शनिवारी पाय घेऊन येते असं मी चंदाबाईला फोनवर कळवलं. शुक्रवारी दिवसभर तो पाय वाहत्या नळाखाली ठेवला, फॉर्मेलिन निघून जावं म्हणून. संध्याकाळी चंदाबाईचा फोन आला. यांचा पाय सकाळपासून गार पडला आहे, गोधडीत गुंडाळला तरी ऊब येत नाही, काय करू? मी नळ बंद केला. पाय कपड्यात गुंडाळला आणि नव्या झाकणाच्या डब्यात ठेवला.

शनिवारी सकाळच्या एसटीने पांढरकवड्याला निघाले. डबा मांडीवर. गर्दीत तो खाली ठेवायची माझी हिंमत झाली नाही, कोणाची लाथ लागली असती. कंडक्टर म्हणाला, "काय बाई, लेकीकडं लोणचं का?"

"हो," मी म्हणाले. पुढे दीड तास डब्याचा तळ माझ्या मांडीला कोमट लागत होता. ऊन त्या बाजूने येत होतं, हे मी मला दहा वेळा सांगितलं.

पांढरकवड्याहून ऑटो केला. तांडा म्हणजे पंचवीस-तीस घरं, मागे तुरीची शेतं, पलीकडे जंगल. भीमसिंग अंगणात बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंगावर थोडं मांस आलं होतं. चंदाबाईने डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि अर्जावर अंगठा दिला.

त्यांनी ठरवलं होतं, पाय मातीला द्यायचा. घरामागे पळसाखाली खड्डा खणून ठेवला होता, नीट चौकोनी. बाजेवरून तो दिसत नव्हता, मध्ये घर होतं. चंदाबाईने पाय कपड्यासकट खड्ड्यात ठेवला, पाणी शिंपडलं, हात जोडले. मीही जोडले. मग तिने मूठभर माती घेऊन आत टाकली.

अंगणातून हाक आली, "चंदा! कोन बसलं वं पायावर?"

तिने दुसरी मूठ भरली होती. ती तशीच राहिली.

"जड होऊन राह्यलं!" तो ओरडत होता. "काढ वं, काढ! दाबून राह्यलं मले!"

चंदाबाईने खड्ड्यात उडीच घेतली म्हणा. पाय छातीशी धरून वर आली. तिचं लुगडं मातीने भरलं होतं आणि ती लहान लेकराला थोपटावं तशी त्या गाठोड्याला थोपटत होती. अंगणातला आवाज थांबला.

मातीला देता येत नव्हता. जाळायचं तर आम्ही दोघींनी नावही काढलं नाही.

७

तिने गरम पाणी आणलं, ओसरीवर बसली आणि कपडा सोडला. मी पाहणार नव्हते, पण पाहिलं.

फॉर्मेलिनमधला पाय राखाडी असतो, भिजल्या लाकडासारखा ताठ. हा तसा नव्हता. तळव्याची जखम भरली होती, पातळ नव्या कातडीखाली एक निळसर कडं तेवढं दिसत होतं. वर, जिथे करवत चालली होती तिथे, हाड कुठेच दिसत नव्हतं. मी तिथे फार वेळ पाहिलं नाही.

चंदाबाई बोटांमधली माती काढत होती. अंगठा धुताना तिने नखावर दाबलं. नख पांढरं झालं. तिने बोट काढलं आणि नख परत गुलाबी झालं. दोन सेकंद लागले. वॉर्डातल्या कुठल्याही नर्सला विचारा, याचा अर्थ काय. रक्त फिरतं आहे.

"दाबू नको ना वं," बाजेवरून भीमसिंग म्हणाला. अजून तो भिंतीकडेच तोंड करून होता.

"नाई दाबत," ती म्हणाली आणि पाणी घालत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, मी हावो तवर मी करन. रोज धुईन, तेल लावन, गोधडीत ठेवन. पन मी त्यायच्याहून दोन वर्सानं मोठी हावो. मले बीपी हाय. पोरगं राजूरले, कोळशाच्या खानीवर. सुनेले मी हे कसं सांगू? माह्या मांगं कोन पाहीन?"

ती माझ्याकडे बघत होती. मागत नव्हती, खरोखर विचारत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. एसटी साडेचारला होती. पण सोमवारच्या दहा वाजता ओरडणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि माझं तरी काय, एकटा जीव सदाशिव. चार वर्षांत रिटायर होणार.

"मी पाहीन," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच व्यवहाराला लागली. "मंग शिकून घ्या. टाच खालून धरा लागते. तेल बोटांकडून वर न्या लागते, उलटं नाई." आणि पाय उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवला.

जड होता. ऊबदार होता. मी हातमोजे घातलेले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उघड्या हाताने धरलं आणि टाचेखाली तळवा नेला, तिने दाखवला तसा.

बाजेवर भीमसिंगचं अंग आखडलं.

"चंदा," तो म्हणाला. "हे तुये हात नोहोत."

 माझ्या तळव्यात टाच थरथरली.

"हे हात मी ओयखतो," तो लहान पोरासारखा म्हणाला. "हे सोमवारचे हायेत."

चंदाबाईने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. पाय सोडावा की धरून ठेवावा, मला कळेना. सोडला असता तर तो जमिनीवर पडला असता. मी धरून ठेवला.  मग चंदाबाईने तेलाची वाटी उचलली आणि माझ्याकडे सरकवली.

मी बोटं तेलात बुडवली. बोटांकडून वर, तिने सांगितलं तसं.

"हळू," भीमसिंग म्हणाला.

"हो भाऊ," मी म्हणाले. "हळू."